तेरेखोलचा किल्ला: राहायला जायचं की नुसतं पाहून यायचं?

मे महिन्याची सुट्टी किंवा गणपती जवळ आले की करी रोड, लालबाग, चिंचपोकळीच्या चाळींतून एक प्रश्न हमखास येतो. गाव सावंतवाडी किंवा वेंगुर्ले तालुक्यात, वर्षातून दोनदा जाणं होतं, शिरोड्याच्या बाजारातही जाणं-येणं असतं. पण तिथून हाकेच्या अंतरावरच्या तेरेखोल किल्ल्यात कधी पाऊल टाकलेलं नसतं. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘तिथे आता मोठं हॉटेल झालंय, आपल्याला आत कोण सोडणार?’ दुसऱ्या टोकाला नव्याने नोकरीला लागलेली मुलं असतात. आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्यांना तिथे एक रात्र ठेवायचं असतं, पण किती खर्च येईल, खोली कशी मिळवायची आणि फसवणूक झाली तर कोणाकडे जायचं, हे त्यांना माहीत नसतं. हा लेख दोघांसाठी आहे.

आधी मनातली भीती काढून टाका. तेरेखोल पाहायला तिथे राहावंच लागतं असं नाही. अंगण, तटावरची वाट आणि समुद्राकडची बाजू पाहायला दिवसा पाहुणे जातात, उपाहारगृहात चहा-जेवण घेऊन परततात. हॉटेल चालवणारे बदलले तरी किल्ला सरकारचाच आहे.

हा किल्ला नेमका कोणाचा, कुठल्या राज्यातला?

हा गोंधळ नकाशामुळे होतो. तेरेखोल नदी ही गोवा आणि सिंधुदुर्ग यांच्यामधली हद्द, असं आपण धरून चालतो. पण नदीच्या उत्तर तीरावर, म्हणजे आपल्या बाजूला, किल्ला आणि तेरेखोल गाव एवढा तुकडा गोव्याचा आहे. तो पेडणे तालुक्यात मोडतो. चारी बाजूंना पाणी नाहीतर महाराष्ट्र.

याचं कारण इतिहासात आहे. सतराव्या शतकात सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांनी हा किल्ला बांधला. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने, म्हणजे पुढे आलोर्नाचा मार्क्विस म्हणून ओळखल्या गेलेल्या पेद्रो मिगेल द आल्मेदा याने, तो सावंतांकडून घेतला. त्याच मोहिमेत रेडीचा यशवंतगडही गेला, पण तो काही वर्षांनी पुन्हा सावंतांकडे आला. तेरेखोल परत आला नाही. बाकीचा पेडणे महाल पोर्तुगीजांकडे गेला तो त्यानंतर चाळीसेक वर्षांनी. म्हणून नदीच्या अलीकडचा हा एवढासा भाग आजही गोव्यात आहे.

पोर्तुगीजांनी किल्ला नव्याने बांधून काढला आणि अंगणाच्या मधोमध चर्च उभं केलं. आज ते सेंट अँथनीचं चर्च म्हणून ओळखलं जातं. १८३५ मध्ये बर्नार्दो पेरिस द सिल्वा या गोमंतकीय प्रशासकाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या इथल्या शिबंदीची कत्तल झाली. आणि १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने याच किल्ल्यावर तिरंगा फडकवला. गोवा मुक्त व्हायला तेव्हा अजून सात वर्षं होती. आत शिरल्यावर हुतात्म्यांच्या स्मारकापाशी मुलांना थांबवून एवढं जरूर सांगा. हॉटेलच्या माहितीपत्रकात खोल्यांवर जास्त आणि यावर कमी लिहिलेलं असतं.

राहायचं की पाहून यायचं: निर्णय कसा घ्याल?

खोल्या फक्त सात. त्यांना आठवड्याच्या सात वारांची नावं दिली आहेत. किल्लाही लहान आहे, पोर्तुगीज काळात इथे बाराच तोफा होत्या. रायगड-सिंधुदुर्गाची सवय झालेल्या डोळ्यांना तो अर्ध्या तासात संपल्यासारखा वाटतो. मग राहून मिळतं काय? मिळते ती संध्याकाळ आणि सकाळ. दिवसाची माणसं निघून गेली की तटावरून समोर नदीपलीकडच्या केरीची लांबलचक वाळू, खाली खाडीचं तोंड आणि पश्चिमेला मोकळा समुद्र एवढंच उरतं. हे ज्याला हवं आहे त्यानेच पैसे खर्च करावेत.

- दोघंच जाणार असाल, काही खास निमित्त असेल: एक रात्र राहा. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, शनिवार-रविवार आणि नाताळचा आठवडा टाळून. दुसऱ्या रात्रीची गरज नाही.
- लहान मुलं आणि आजी-आजोबांसह पाच-सहा जण असाल: राहू नका, दिवसा पाहून या. जिने आहेत, तट उघडा आहे, मुलांना सांभाळण्यातच तुमची रात्र जाईल. गावच्या घरून सकाळी निघून संध्याकाळी परतता येतं.
- मोठा गट असेल: आधी फोन करून परवानगी घ्या. पंचवीस माणसं अचानक अंगणात शिरली तर नकार मिळू शकतो, आणि सात खोल्यांच्या जागेत तो नकार रास्तही आहे.
- पावसाळ्यात: समुद्र पाहण्यासारखा असतो हे खरं. पण तेव्हा हॉटेल पूर्ण चालू आहे का, उपाहारगृह उघडं आहे का, हे विचारल्याशिवाय मुंबईहून निघू नका.

एका लग्नाने सातही खोल्या भरतात. अशा वेळी बाहेरच्यांना आत सोडत नाहीत. म्हणून नुसतं पाहायला जाणार असाल तरी आदल्या दिवशी फोन कराच: बाहेरच्यांसाठी वेळ कोणती, उद्या खासगी कार्यक्रम आहे का, आत यायला काही शुल्क किंवा काही खाण्यापिण्याची अट आहे का. या तीन प्रश्नांनी अर्ध्या तक्रारी मुळातच मिटतात.

चर्च एरवी बंद असतं. मे महिन्यात तिथला सण असतो तेव्हा ते उघडतं. मे महिन्यात गावी जाणाऱ्या आपल्या लोकांना ही संधी आहे. मात्र ती प्रार्थनेची वेळ असते. अंग झाकणारे कपडे घाला आणि विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका.

करी रोडहून कसं जाल?

करी रोडला धीम्या लोकल थांबतात. दादर दोन स्थानकांवर आहे, सीएसएमटी उलट दिशेला. त्यामुळे कोकण रेल्वेच्या बहुतेक गाड्या आपल्याला सोयीच्या पडतात.

- तुतारी एक्स्प्रेस: दादरहून सावंतवाडीपर्यंत. ती रात्री बारा वाजून गेल्यावर लगेच सुटते आणि इथेच सगळ्यात जास्त चूक होते. शुक्रवारी रात्री घरून निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं काढावं लागतं. शुक्रवारचं काढलं असेल तर तुम्ही स्थानकावर पोचाल तेव्हा तुमची गाडी चोवीस तासांपूर्वी गेलेली असेल आणि परतावाही मिळणार नाही.
- कोकणकन्या: रात्री सीएसएमटीहून, सकाळी सावंतवाडी. राहायला जाणाऱ्यांना ही सर्वांत सोयीची, कारण खोली दुपारी ताब्यात मिळते आणि सकाळ रेडी-शिरोड्याला देता येते.
- मांडवी: सकाळी सुटते, पोचेपर्यंत दिवस जातो. घाट, बोगदे आणि नद्या पाहायच्या असतील तरच.
- परळ आगारातून एसटी, किंवा लालबाग-परळहून सुटणाऱ्या खासगी बस: रेल्वेचं आरक्षण हुकलं तर हाच आधार. खासगी बसचे दर गणपतीत कुठच्या कुठे जातात, हे तुम्हाला सांगायला नको.

रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० दिवस आधी नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश धावतात. तेव्हा परतीच्या वेळा पुन्हा तपासून घ्या.

‘सावंतवाडी रोड’ स्थानक शहरात नाही, मळगावला आहे. तिथून शिरोडा-रेडीमार्गे तेरेखोल तीस-पस्तीस किलोमीटर. रेडीपर्यंत एसटी मिळते, पुढचा रस्ता रिक्षाने. रिक्षा ठरवताना नुसतं जायचं भाडं बोलू नका. येणं-जाणं आणि तिथे थांबण्याचे पैसे एकत्र ठरवा, कारण किल्ल्यापाशी परतीला रिक्षा मिळेल याची खात्री नाही.

विमानाने यायचं असेल तर मोपाचा विमानतळ पेडणे तालुक्यातच आहे. तो २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून हा प्रवास फार सोपा झाला. पण खोली, विमान आणि टॅक्सी यांची बेरीज केल्याशिवाय तिकीट काढू नका. टॅक्सीचा आकडा अनेकांना विमानापेक्षा जास्त बोचतो.

नदी ओलांडताना

गोव्याच्या बाजूने येणाऱ्यांसाठी केरीहून फेरीबोट आहे. ती किल्ल्याच्या पायथ्याशी आणून सोडते. पायी प्रवाशांना तिकीट नाही, चारचाकीला शुल्क पडतं. माझा आग्रह आहे की रस्त्याने आलात तरी एकदा या बोटीतून केरीला जाऊन परत या. किल्ला कशासाठी बांधला हे पाण्यातून पाहिल्यावरच कळतं: खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत त्याच्या तोफांखालून जायचं.

बोटीच्या बाबतीत तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

- शेवटची फेरी किती वाजता, हे उतरतानाच विचारा. रात्री बोट चुकली तर आरोंदा-किरणपाणीच्या पुलावरून मोठा वळसा पडतो.
- भरती-ओहोटी आणि वादळी हवा यांमुळे फेऱ्या लांबतात किंवा थांबतात. परतीची रेल्वे असेल त्या दिवशी बोटीवर विसंबू नका.
- केरीला पोहायला उतरणार असाल तर नदीच्या तोंडापासून दूर राहा. नदीचं पाणी आणि समुद्राची ओढ तिथे एकमेकांत शिरतात. जीवरक्षक नाही म्हणाला की नाही.

गोव्यात भाड्याने घेतलेली दुचाकी बोटीतून तेरेखोलला नेलीत तर तुम्ही गोव्यातच असता. किल्ल्यावरून पुढे रेडीकडे निघालात की थोड्याच वेळात राज्य बदलतं. गाडी राज्याबाहेर नेण्याची मुभा आहे का, हे मालकाकडून लेखी किंवा मोबाइलवर संदेशाने घेऊन ठेवा.

आणि दारूबद्दल स्पष्टच सांगतो. तेरेखोल गोव्यात आहे, त्यामुळे तिथे बसून घेतलेल्या बिअरला गोव्याचा दर. पण उरलेली बाटली पिशवीत घालून रेडीकडे निघालात तर परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणल्याचा गुन्हा होतो. उत्पादन शुल्क खात्याचे लोक या वाटांवर तपासणी करतात. ‘आम्ही फक्त किल्ल्यात राहिलो होतो’ हे उत्तर चालत नाही.

खोली ठरवताना काय विचाराल?

संकेतस्थळावर दिसणारा आकडा हा शेवटचा आकडा नसतो. कराचा हिशेब आधी समजून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. म्हणजे ७,५०० रुपयांची खोली ७,८७५ ला पडते आणि ८,००० ची ९,४४० ला. पाचशे रुपयांच्या फरकाचे दीड हजार होतात. दर या सीमेच्या जवळ असेल तर तारीख पुढेमागे करून पाहा. महागड्या खोल्या असलेल्या हॉटेलात जेवणाच्या बिलावरही ५ ऐवजी १८ टक्के कर लागतो, तोही धरा.

फोनवर हे विचारा आणि उत्तरं ई-मेलने मागवा:

- दरात सकाळची न्याहारी आहे का? रात्रीच्या जेवणाचं काय? जवळपास दुसरी खानावळ नाही, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा.
- कोणती खोली मिळणार? सातही खोल्या सारख्या नाहीत. समुद्र दिसतो की अंगण, हे नाव घेऊन विचारा.
- गुडघे दुखणाऱ्या माणसाला किती पायऱ्या चढाव्या लागतील?
- रद्द केल्यास किती दिवस आधीपर्यंत पैसे परत मिळतात? ‘परतावा नाही’ असं लिहिलेला स्वस्त दर गणपतीच्या गर्दीत, जेव्हा रेल्वेचं तिकीटच पक्कं नसतं, तेव्हा मुळीच घेऊ नका. आधी तिकीट पक्कं होऊ द्या, मग खोली.
- मुलांसाठी वयाची अट आहे का?
- लग्नाआधीचे फोटो काढायचे असतील तर वेगळी परवानगी आणि शुल्क आहे का?

मधल्या दलालाच्या किंवा भलत्याच संकेतस्थळाच्या नावावर आगाऊ रक्कम पाठवण्याआधी हॉटेलला फोन करून खात्री करा. पैसे हॉटेलच्या खात्यातच गेले पाहिजेत, कोणा व्यक्तीच्या नाही.

बिघडलं तर तुमचे हक्क

बिलात ‘सेवा शुल्क’ आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. सेवा आवडली तर खुशीने द्या. सक्ती झाली तर शांतपणे ती ओळ काढायला सांगा. नकार मिळाला तर बिलाचा फोटो काढा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. सेवा शुल्क आणि जीएसटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीएसटी द्यावाच लागतो.

ठरलेली खोली दिली नाही, आगाऊ रक्कम अडकवली, तर अनेक जण ‘आता गोव्याला कोण खेटे घालणार’ म्हणून सोडून देतात. सोडू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. करी रोडच्या माणसाला त्यासाठी मुंबई सोडायची गरज नाही. तुम्ही मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइनही दाखल करता येते. मुदत घटनेपासून दोन वर्षं. मात्र हातात कागद हवा, म्हणून ई-मेलचा आग्रह धरला.

आसपास काय पाहाल?

तेरेखोलला जाऊन फक्त तेरेखोल पाहणं म्हणजे अर्ध्यावरून परतणं. माझ्या मते पहिला मान रेडीच्या यशवंतगडाला द्यायला हवा. १७४६ मध्ये दोन्ही किल्ले एकाच हाती गेले आणि आज त्यांची स्थिती पाहा. एकाला रंगरंगोटी, दिवाबत्ती, पाहुणे. दुसऱ्याच्या जांभ्या दगडाच्या भिंतींवर वडाची मुळं उतरलेली, छपरं नाहीत, दारांतून झाडं दिसतात. तिथे खोल्या नाहीत, जेवण नाही, तिकीट नाही. पण किल्ला म्हणजे काय असतं ते मुलांना तिथे जास्त समजेल. पाणी सोबत न्या, बूट घाला, भिंतींवर चढू नका. अंधार पडण्याआधी बाहेर या.

रेडीतच १९७६ साली खाणीच्या परिसरात सापडलेली द्विभुज गणपतीची मोठी मूर्ती आहे. तिथून शिरोडा जवळ. १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथे झाला आणि मिठागरं आजही आहेत. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत इथल्याच शाळेत शिक्षक होते. पुढे आरवलीला वेतोबाचं देऊळ, जिथे देवाला भल्यामोठ्या चपला आणि केळ्यांचे घड वाहतात. जयवंत दळवींचं गावही हेच. जेवण शिरोड्यात घ्या. घरगुती खानावळीतलं बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी तुम्हाला किल्ल्यातल्या ताटाच्या कितीतरी कमी पैशात मिळेल.

सावंतवाडीला परतताना मोतीतलावाकाठचा राजवाडा पाहा. लाकडी खेळणी आणि हाताने रंगवलेले गंजिफाचे पत्ते ही इथली ओळख. राजवाड्याच्या आवारातही आता थोड्या खोल्यांचं हॉटेल आहे. तेरेखोल भरलेलं असेल तर तिथे चौकशी करा. समुद्र मिळणार नाही, पण ज्या घराण्याने तेरेखोल बांधला त्यांच्या दारात राहाल.

ज्यांना युरोपातल्या बरोक शैलीचं मोठं काम पाहायचं आहे त्यांची तहान तेरेखोलच्या छोट्या चर्चवर भागणार नाही. त्यांनी एक दिवस जुन्या गोव्याला ठेवावा. तिथलं १६०५ मध्ये पुरं झालेलं बॉम जेझुस चर्च आणि त्याच्या आतला सोनेरी मुलाम्याचा वेदीमागचा देखावा पाहावा. जुन्या गोव्यातली चर्चं १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

आणि कोकणात जायला रजाच नसेल, तर पुण्याजवळ सासवडच्या वाटेवर जाधवगड आहे. पिलाजी जाधवरावांनी १७१० मध्ये बांधलेली ही गढीही आता हॉटेल आहे. तिथेही आधी हाच प्रश्न विचारा: बाहेरच्यांना आत यायची वेळ आणि शुल्क काय?

तिथे राहणाऱ्यांचं भान ठेवा

किल्ल्याच्या खाली तेरेखोल हे नांदतं गाव आहे. अरुंद रस्त्यावर गाडी आडवी लावू नका, घरांच्या अंगणात शिरून फोटो काढू नका, रात्री गाण्यांचा आवाज दऱ्याखोऱ्यांत घुमवू नका. शेतजमिनीच्या हक्कासाठी या गावाने बरीच वर्षं झगडा दिला आहे. आपण एका रात्रीचे पाहुणे आहोत.

यंदा गावी जाल तेव्हा दिवस निश्चित करा, आदल्या दिवशी फोन लावा आणि सावंतांनी बांधलेल्या या किल्ल्याच्या दारातून सरळ आत जा. परवडलं तर एक रात्र राहा. नाही परवडलं तर एक चहा घ्या आणि तटावर तासभर बसा. त्यासाठी कोणाची मेहरबानी लागत नाही.